मुळा, मोती आणि मातीचं रिंगण

मैत्रिणींनो, सांगलीहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांना कंपनी तीन वर्षांसाठी टोकियोला पाठवते आहे आणि त्यांच्याबरोबर जायचं म्हणून या बाईंनी शाळेतली बारा वर्षांची नोकरी सोडली आहे. पत्रात बावीस प्रश्न आहेत. तूरडाळ किती न्यावी, कुकरच्या रबरी रिंगा तिकडे मिळतात का, पोळपाट-लाटणं न्यावं का, असे. आणि अगदी तळाशी, जागा उरली नव्हती म्हणून समासात आडवा लिहिलेला तेविसावा प्रश्न आहे : "हे सकाळी आठला जाऊन रात्री दहाला येणार. मग मी दिवसभर करू काय?"

बावीस प्रश्नांची उत्तरं थोडक्यात देते. डाळी, पिठं, मसाले यांचं ओझं करू नका. टोकियोच्या पूर्वेला एदोगावा भागात निशी-कासाई नावाचं स्टेशन आहे. २००० सालाच्या सुमाराला संगणकाच्या कामासाठी आलेली आपली मंडळी तिथे वसली, तेव्हापासून किराण्याची काळजी उरलेली नाही. (याच एदोगावाच्या सभेवर २०१९ साली योगेंद्र पुराणिक हा आपला मराठी माणूस निवडून आला!) मिक्सर मात्र आणू नका. तिथली वीज १०० व्होल्टची, आपला मिक्सर नुसता कण्हत बसतो. घरात इंडक्शनची शेगडी असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही, तेव्हा स्टीलचा घ्या. रिंगा चार आणा. पोळपाट-लाटणं आणाच.

आता तेविसावा. खरा प्रश्न हाच आहे, बाकीचे बावीस त्याला झाकायला घातले आहेत, हे मला इथे राहून अकरा वर्षं झाल्यामुळे नीट कळतं. नव्याने आलेल्या बाईचं पहिले तीन महिने घर इतकं लख्ख असतं की फरशीत तोंड पाहावं. चौथ्या महिन्यात ती दुपारी झोपायला लागते. सहाव्या महिन्यात माहेरी रोज दोन तास फोन. बोलायला कोणी नाही, वाचता येत नाही, आणि स्वतःची कमाई थांबल्यामुळे तिकिटाचे पाचशे येन काढतानाही 'ह्यांच्या पैशांनी कशाला उगाच' असं वाटतं. ताई, हे वाटणं पहिल्या आठवड्यातच मोडून काढा. घरखर्चाच्या वहीत भाजी, दूध, भाडं तसा 'माझं फिरणं' असा एक रकाना आखा आणि दर महिन्याला त्यात ठरलेली रक्कम घाला. विचारून नव्हे, सांगून. परवानगी काढली तर तुमच्या व्हिसावर आठवड्याला २८ तासांपर्यंत कामही करता येतं, पण ते भाषा थोडी आल्यावर. आधी पाय मोकळे करा.

आणि कृपा करून सुरुवात त्या उंच मनोऱ्यांपासून आणि मुलांच्या बागांपासून करू नका. तिथे रविवारी सहकुटुंब जाणं होतंच. मी सांगते आहे ते एकटीने जायचं.

पहिला पाठ ताकाओ डोंगराचा. शिंजुकूहून केइओच्या गाडीने तासाभरात पायथ्याशी. डोंगर जेमतेम ५९९ मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापुढे लहान भाऊच. निरनिराळ्या वाटांना नंबर दिलेले आहेत, एक नंबरची फरसबंदी आहे, आणि पाय दुखले तर केबल कारही आहे. वाटेत लांब नाकाच्या तेंगू नावाच्या डोंगरी भुताच्या मूर्ती असलेलं मंदिर लागतं. पण मी तुम्हाला तिथे पाठवते आहे ते भुतासाठी नव्हे, बायकांसाठी. कामाच्या दिवशी सकाळी साठी-सत्तरीच्या बायकांचे घोळके तिथे चढत असतात. डोक्याला टोपी, हातात काठी, पाठीवर पिशवी आणि पिशवीत घरचे भाताचे गोळे. दमल्या की बाकावर बसतात आणि शेजारच्या अनोळखी बाईलाही गोळी-बिस्किट पुढे करतात. जपानी येत नसली तरी गोळी घेता येते, हसता येतं. माझी इथली पहिली ओळख अशीच झाली.

या बायका पाहिल्या की मला जुन्को ताबेई आठवतात. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पाय ठेवणारी जगातली पहिली बाई. तेव्हा घरी लहान मुलगी होती आणि ती नवऱ्याने सांभाळली. १९६९ साली त्यांनी बायकांचा गिर्यारोहण क्लब काढला आणि मोहिमेसाठी पैसे मागत हिंडल्या, तेव्हा 'घरी बसून मुलं सांभाळा' असंच ऐकवण्यात आलं. पैसे कमी पडले तर मोटारीच्या सीटची जुनी कव्हरं कापून त्यांनी पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आणि हातमोजे शिवले. त्या पियानोच्या शिकवण्या घेत. शिवण आणि शिकवण्या, म्हणजे तुम्हा-आम्हाला येतं तेच की! शिखराच्या बारा दिवस आधी हिमकडा कोसळून त्या गाडल्या गेल्या होत्या. बेशुद्ध होत्या. शेर्पांनी ओढून काढलं, आणि त्या वर गेल्याच. २०१६ साली त्या वारल्या, आजारपणातही डोंगर सोडला नाही.

आता रिंगणाकडे. सुमो म्हणजे लठ्ठ माणसांची ढकलाढकली अशी आपली समजूत असते. कोल्हापूर-सांगलीकडच्या बाईला मात्र तो खेळ लगेच कळेल, कारण तुम्ही कुस्त्यांची मैदानं पाहिलेली. वर्षात सहा स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. जानेवारी, मे आणि सप्टेंबरातल्या टोकियोत, र्‍योगोकु स्टेशनाशेजारच्या कोकुगिकान इमारतीत होतात. सगळे लोक चारनंतर मोठे पहिलवान पाहायला गर्दी करतात. तुम्ही सकाळीच जा. सकाळी साडेआठच्या सुमाराला पोरसवदा पहिलवानांच्या कुस्त्या सुरू होतात, सभागृह रिकामं असतं आणि मातीवर पायाची थाप पडल्याचा आवाज वरच्या बाकापर्यंत येतो. दुपारी बाहेर येऊन उभं राहिलात तर सुती किमोनो घालून, केसांना तेल लावून, लाकडी सपाता वाजवत पहिलवान स्टेशनातून चालत येताना दिसतात. मोठे पहिलवान मूठमूठ मीठ उधळतात ते जागा शुद्ध करायला. दृष्ट काढणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मात्र त्या मातीच्या रिंगणावर बाईने पाऊल ठेवायचं नाही! अजूनही नाही. २००० साली ओसाकाला बाई गव्हर्नर झाल्या, त्यांना विजेत्याला करंडक द्यायचा होता. वर चढू दिलं नाही. आणि २०१८च्या एप्रिलात माइझुरू गावी जे झालं ते ऐकून जपानी बायकाही चिडल्या. रिंगणात भाषण करताना महापौर कोसळले. प्रेक्षकांतून काही बायका धावत वर चढल्या आणि छाती दाबून त्यांचा जीव वाचवायला लागल्या, तर पंच ध्वनिक्षेपकावरून सांगतोय, 'बायकांनी खाली उतरावं'. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. नंतर रिंगणावर मीठ टाकलं गेलं. महापौर वाचले. सुमो संघाच्या अध्यक्षांनी माफी मागितली, पण नियम तसाच राहिला. दोनच दिवसांनी ताकाराझुकाच्या महापौरबाईंना रिंगणाखाली उभं राहून भाषण करावं लागलं.

आपण हसायला नको, हं. शनिशिंगणापूरचा चौथरा आपल्याला २०१६ साली मोकळा झाला, तोही किती भांडून! मी सुमोला जाते ती खेळ आवडतो म्हणून जाते आणि तो नियम मला मुळीच आवडत नाही. दोन्ही गोष्टी एका तिकिटात मावतात.

उन्हाळ्यात ओसाकाकडे जाणं झालं तर कोशिएनच्या मैदानावर शाळकरी मुलांची बेसबॉल स्पर्धा पाहा. ऑगस्टातला भाजून काढणारा उन्हाळा, देशभरातून आलेले ४९ संघ, सामना सुरू होताना भोंगा. हरलेली मुलं रडत रडत मैदानातली माती मुठीने पिशवीत भरून घरी नेतात. मागे बसलेल्या आयांचे रुमाल बघवत नाहीत. मुलांची स्पर्धा १९१५ पासून चालू आहे. मुलींच्या शाळांचा अंतिम सामना त्या मैदानावर पहिल्यांदा झाला २०२१च्या ऑगस्टमध्ये. एकशे सहा वर्षं लागली!

पण एकच सहल करायला पैसे आणि धीर असेल तर मी म्हणेन, मिए प्रांतात समुद्रावर जा. नागोयाहून गाडीने तोबा, तिथून बसने ओसात्सु हे कोळ्यांचं गाव. इथल्या बायका 'आमा'. आमा म्हणजे समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले, समुद्री शेवाळ काढणाऱ्या. नळी नाही, प्राणवायूची टाकी नाही, फक्त स्वतःचा श्वास. पन्नास सेकंद, फार तर मिनिटभर, तेवढ्यात तळ गाठायचा, खडकाला चिकटलेला शिंपला पट्टीने उचकटायचा आणि वर यायचं. वर आल्यावर तोंडाचा चंबू करून त्या हळू श्वास सोडतात, त्याची शीळ वाजते. किनाऱ्यावरून ती ऐकू येते. मी मालवणची. ओहोटीला गुडघाभर पाण्यात वाकून कालवं काढणाऱ्या बायका लहानपणापासून पाहिलेल्या, तरी ती शीळ ऐकून मला काही बोलवेना.

डोक्याच्या पांढऱ्या फडक्यावर त्या दोन खुणा शिवतात. एक पाच टोकांची चांदणी, दुसरी आडव्या-उभ्या रेघांची जाळी. चांदणी एकाच रेघेत काढतात. जिथून निघालो तिथेच रेघ परत येते, तशी मीही वर परत येवो, असा तिचा अर्थ. जाळीला खूप डोळे असतात, म्हणजे वाईटावर नजर राहते. दारात रांगोळीने गोपद्म काढणाऱ्या आपण, आपल्याला याचं नवल कसलं?

त्यांच्या शिस्तीची एक गोष्ट मला फार आवडली. ॲबलोनी नावाचा महागडा शिंपला १०.६ सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर तो समुद्रात परत टाकायचा. त्यासाठी पट्टी जवळच ठेवतात. टाक्या वापरल्या तर एका दिवसात दसपट माल निघेल, पण मग पुढच्या वर्षी काय? तेव्हा श्वास पुरेल तेवढंच काढायचं. १९५०च्या दशकात देशात अशा सतरा हजारांच्या आसपास बायका होत्या, २०१०च्या दशकात दोन हजारांच्या घरात आल्या. ज्या आहेत त्यांतल्या पुष्कळ साठीच्या पुढच्या. पोरी शहरात नोकरीला गेल्या, समुद्रातलं शेवाळ कमी झालं, शिंपले कमी झाले. किनाऱ्यावरच्या झोपड्यांत मधोमध विस्तव पेटवून त्या अंग शेकत बसतात. काही झोपड्यांत आधी कळवून पाहुण्यांना जाता येतं. त्याच निखाऱ्यांवर भाजलेले शिंपले समोर ठेवतात आणि गप्पा मारतात. स्वतःची कमाई स्वतःच्या श्वासावर मोजलेली ही माणसं. नवऱ्याचा विषय निघाला की मोठ्याने हसतात. शब्द कळले नाहीत तरी हसण्याचा अर्थ कळतो!

त्याच गावात शिन्मेइ देवळाच्या आवारात इशिगामी नावाची देवता आहे. ती बायकांची एक इच्छा पुरी करते असं मानतात. एकच, हं! गुलाबी कागदावर लिहून पेटीत टाकायची. रांगेत उभं राहून 'मुलाचं लिहू की ह्यांचं लिहू' असा विचार करू नका. स्वतःचं लिहा.

जवळच तोब्याला मोत्यांचं बेट आहे. मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धा मोती पिकवून दाखवला तो या पाण्यात. तिथेही आमा बायका पांढऱ्या कपड्यांत बुड्या मारून दाखवतात, पण तो खेळ आहे. मोत्यांच्या दुकानात बघा भरपूर, घ्यायची घाई करू नका.

डोंगरात जायचं असेल आणि शाकाहारी असाल (सांगलीच्या ताईंनी पत्रात ते तीनदा लिहिलं आहे) तर कोयासान. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनातून गाडी आणि शेवटी केबल कार. आठशे मीटरवर देवदारासारख्या उंच झाडांत शंभरावर मठ-मंदिरं. कूकाई या संन्याशाने ८१६ साली ही जागा मिळवली. जपानात इतरत्र नुसत्या भाजीच्या सारातही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो. हे विसरू नका, 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही. इथल्या मठांतलं जेवण मात्र खरं सात्त्विक, कांदा-लसूणसुद्धा नाही. तिळाचं घट्ट पांढरं पीठलं करून वडी पाडावी तसं एक, आणि गोठवून वाळवलेल्या टोफूचा रसरशीत तुकडा. तो टोफू या डोंगराच्या नावानेच ओळखतात.

ओकुनोइन स्मशानातून चालताना समाधीच्या लाकडी फळ्यांवर नजर टाका. तिथे जी अक्षरं आहेत ती जपानी नव्हेत. ती सिद्धम्, आपल्या नागरीची मावसबहीण. 'अ' या एका अक्षराकडे पाहत ध्यान करायची रीत इथे आहे. परदेशात एवढ्या दूर, दोन लाखांवर थडग्यांमध्ये, आपला 'अ' भेटतो! टोकाला कूकाईंची समाधी. ८३५ साली ते गेले नाहीत, आत ध्यानात बसले आहेत अशी श्रद्धा, म्हणून आजही रोज दोन वेळा जेवणाचं ताट तिकडे वाहून नेतात. आळंदीला गेलेल्या बाईला हे दोन शब्दांत पटेल.

पण ताई, या डोंगरावर बायकांना १८७२ पर्यंत बंदी होती, आणि सरकारने उठवल्यावरही प्रत्यक्षात बायका राहू लागायला वीसावं शतक उजाडलं. मग बायका काय करत? डोंगराच्या कडेकडेने, माथ्यामाथ्यावरून फिरत आणि झाडांतून कळस दिसतात का बघत हात जोडत. ती वाट अजून आहे. तिला 'बायकांची वाट' म्हणतात. प्रत्येक दरवाजाशी त्यांना थांबायला एक खोली असे, अशा सात होत्या. त्यातली एकच, न्योनिन्दो, उरली आहे. आता आत सगळीकडे जाता येत असताना त्या वाटेला कोणी फारसं फिरकत नाही. पायात चांगले बूट घालून तिचा एखादा तुकडा तरी चाला. घंटेचा आवाज खालून येतो आणि बघणारं कोणी नसतं.

लांबच्या सहली वर्षातून एकदा. दर आठवड्याला जायची जागा म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर, 'सेंतो'. ऐकूनच तुम्ही पत्र मिटाल, ठाऊक आहे. बायकांचा भाग निराळा, पण आत अंगावर काही घालायचं नाही, छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नाही. आधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ, मग गरम हौदात नुसतं बसायचं. पहिली पाच मिनिटं जीव लाजेने अर्धा होतो. सहाव्या मिनिटाला लक्षात येतं की कोणी बघत नाही. सगळ्या वयांची, सगळ्या आकारांची, ऑपरेशनचे व्रण असलेली अंगं, आणि कोणाला त्याचं काही नाही. आपल्याकडे बाळंतपणानंतर पोटाकडे पाहून हळहळणाऱ्या बायकांना मी एकदा तिथे नेऊन बसवीन म्हणते. केस वर बांधा, दागिने घरी ठेवा.

आता गणपती, कारण ते विचारल्याशिवाय तुम्ही राहणार नाही. असाकुसाजवळ, सुमिदा नदीच्या काठी छोट्या टेकडीवर मात्सुचियामा नावाचं देऊळ आहे. देव कांगितेन, म्हणजे आपला विनायकच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे आलेला. मूर्ती दिसत नाही, ती कायम झाकलेली. दुर्वा नाहीत, जास्वंद नाही. इथे वाहतात पांढरा मुळा! देवळातच विकत मिळतो, दंडाएवढा जाड. मुळा पोट साफ करतो तसा मनातला राग साफ करतो असं म्हणतात. देवळाच्या दगडांवर दोन गोष्टी कोरलेल्या दिसतील : एकमेकांत गुंतलेले दोन मुळे, आणि पैशांचा बटवा. देवाला वाहिलेले मुळे नंतर भक्तांना घरी न्यायला ठेवतात. त्याची भाजी मी मूगडाळ घालून करते. ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव असतो, तेव्हा उकडलेल्या मुळ्याच्या जाड चकत्या मिसोची चटणी घालून वाटतात. थंडीत रांगेत उभं राहून खायला काय लागतात म्हणून सांगू!

आणि मोदक? आहे. क्योतोत एका चारशे वर्षांच्या दुकानात या देवाच्या नैवेद्याचा पदार्थ करतात, कांकिदान. बटव्यासारखा आकार, वर कमळाच्या पाकळ्यांसारख्या आठ चुण्या, आत गोड डाळीचं पुरण, त्यात दालचिनी-लवंगेसारखे सात मसाले, आणि तिळाच्या तेलात तळलेला. आपल्या तळणीच्या मोदकाचा हा हजार वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला भाऊ. वरचं आवरण फार कडक असतं. सासूबाई भेटीला येणार असतील तर जरा गरम करून द्या, नाहीतर कवळी सांभाळायला सांगा.